काळ्या पट्ट्या कापणारे नाना

नानांच्या घरी संगणकाचा माऊस भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. शेजारच्या खिळ्याला त्यांची टोपी. नव्याने येणाऱ्याला वाटायचं, बिघडला असेल. बिघडला वगैरे काही नव्हता. संगणक घरी आला त्याच दिवशी नानांनी माऊस काढून तिथे लटकवला होता, आणि का, ते विचारायची सोय नव्हती, कारण न विचारताच ते सांगायचे.

‘‘बोट दाखवून काम सांगनं हे तान्ह्या पोराचं लक्षन. ह्ये दे, त्ये दे. आपल्याला तोंड दिलंय ना? मग काय पायजे ते नीट शब्दात सांगावं. काळा पडदा समोर हाय, हुकूम टाइप करायचा, मशीन ऐकतंय. न्हाई ऐकलं तर चूक आपली.’’

नाना म्हणजे माझे घरमालक. देवळाली प्रवरेत बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. वर ते आणि काकू, खाली रस्त्याला लागून असलेल्या गाळ्यात माझा फोटो स्टुडिओ. नाना साखर कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे जिथे उसाच्या गाड्यांचं वजन करतात तिथे, नोकरीला होते. काट्यावर संगणक आला तेव्हा बाकीचे कारकून त्याला दुरूनच हळदकुंकू वाहत होते. नाना त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले ते निवृत्त होईपर्यंत उठले नाहीत. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, नानांनी घरी संगणक आणला. शतक संपायला आलं होतं, गावात संगणकाचे क्लास निघायला लागले होते, आणि त्या क्लासमधल्या पोरांना माऊस फिरवताना पाहून नाना रस्त्यावरूनच हसायचे.

त्यांचं बोलणंही त्या काळ्या पडद्यावरच्या हुकमांसारखं झालं होतं. आधी काम, मग अटी. मी गाळा मागायला गेलो तेव्हा म्हणाले, ‘‘गाळा. भाड्यानं. स्टुडिओसाठी. भिंतीला खिळे न ठोकता. हेच म्हनायचंय ना तुला? मग अर्धा तास घरच्यांची खुशाली कशाला विचारतो?’’ काकूंशीही तसंच. ‘‘चहा. साखर कमी. बशी नको.’’ काकू पक्क्या. इतकी वर्षं ऐकून ऐकून संगणक चुकीच्या हुकमाला काय उत्तर देतो ते त्यांना पाठ झालं होतं. त्या स्वयंपाकघरातूनच ओरडायच्या, ‘‘बॅड कमांड!’’ मग नाना मुकाट्याने उठून स्वतः चहा ठेवायचे. दोघांच्या संसारातला हा रोजचा पाढा होता आणि दोघंही तो मोठ्या चवीने म्हणायचे.

बोट तर त्यांनी कधी म्हणजे कधीच दाखवलं नाही. किराणा दुकानात ‘ती डाळ’ म्हणायचे नाहीत, ‘हरभऱ्याची. पोत्यातली. डब्यातली न्हाई,’ असं सांगायचे. एकदा एका परगावच्या पाहुण्याने त्यांना विचारलं, श्रीरामपूरची गाडी कुठे लागते? गाडी समोरच्या लिंबाखाली घरघर करत उभी होती. नानांनी हात पाठीमागे बांधले आणि डावा, उजवा, हौद, लिंब असं सगळं शब्दात, क्रमाने सांगायला घेतलं. लिंबापर्यंत आले तोवर गाडी निघून गेली होती. ‘‘पन रस्ता बरोबर सांगितला,’’ असं ते त्यावर शेवटपर्यंत म्हणत.

दुसरी खोड कात्रीची. सकाळी पेपर आला की आधी त्याच्या चारी बाजूंच्या कोऱ्या कडा कापायच्या, मग वाचायचा. ‘‘कोरं काय वाचायचं?’’ लग्नपत्रिका आली की तिचीही कड जायची. त्या सगळ्या पट्ट्यांनी काकू बंब पेटवायच्या. मी म्हणायचो, नानांना कापायला काही मिळालं नाही तर ते गल्लीसुद्धा सारखी करून ठेवतील. पण एकदा मी एका कुटुंबाचा फोटो फ्रेममध्ये बसावा म्हणून कडेने जरासा कापला, तेव्हा हेच नाना माझ्यावर खवळले.

‘‘ह्या मानसाचा कान गेला.’’

‘‘अर्धाच गेला, नाना.’’

‘‘तुझा कापू का अर्धा?’’ त्यांच्या हातात कात्री होती, म्हणून मी पुढे बोललो नाही. ‘‘कोरं कापायचं. मानूस कापायचा न्हाई. एवढी साधी गोष्ट फोटोवाल्याला कळंना?’’ दुसरी प्रत काढून दिली तेव्हा कुठे त्यांनी गाळ्याचं दार सोडलं.

आता आबांच्या पोरीच्या लग्नाची गोष्ट सांगतो, कारण नाना म्हटलं की मला ती आधी आठवते.

आबा राहुरीकडचे ऊस बागायतदार. आवाज असा की वावराच्या या बांधावरून त्या बांधावर निरोप द्यायला माणूस लागत नसे. शूटिंग ठरवतानाच त्यांनी मला बजावलं होतं, ‘‘पिच्चरसारखं पायजे!’’ माझ्या नव्या कॅमेऱ्याला ‘सिनेमा’ नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की चित्राच्या वरखाली काळी पट्टी यायची आणि मधला भाग थेट थिएटरातल्यासारखा लांबट दिसायचा. मी ते दाबलं आणि बहुतेक सगळं लग्न त्यात काढलं. मला तर ते फार देखणं वाटलं होतं.

कॅसेट दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांची जीप गाळ्यासमोर येऊन थांबली. मागे त्यांच्या पत्नी माई होत्या. कॅसेट त्यांनी पदराखाली धरून आणली होती. आबा दारातूनच सुरू झाले.

‘‘आमचा टीव्ही एकवीस इंची, आन लगीन चौदा इंची! बाकीचा टीव्ही काय शेजाऱ्याला दिला का?’’

‘‘आबा, पिच्चर असाच असतो...’’

‘‘पिच्चरचा पडदा भरल्याला असतोय, गड्या. आन ही काळी कड! श्रद्धांजलीला काळी चौकट असती. माझ्या पोरीच्या लग्नाला कुनी लावली?’’ मांडवाची सजावट संपायच्या आतच त्यांनी कॅसेट बंद केली होती, पुढचं काही कुणी पाहिलंच नव्हतं. ‘‘पोरगी पहिल्या मुळाला, म्हायेरपनाला येईल तवा समदी भावकी बसनार हाय बघायला. तवर टीव्ही भरून पायजे.’’

 कॅसेट माझ्या हातात देताना माईंनी मात्र ती चटकन सोडली नाही.

मी जिना चढून वर गेलो. नानांनी सगळं ऐकलंच होतं, आबांचं बोलणं ऐकायला खाली यावं लागत नसे. म्हणाले, ‘‘काळं काढायचं. मधलं मोठं करायचं. एवढंच ना? ठेव हितं.’’ त्यांच्या आवाजात एवढी खात्री होती की मी त्याच पावली खाली येऊन आबांना तारीख देऊन टाकली.

टीव्हीवरून संगणकात चित्र घेणारं एक कार्ड नानांनी पुण्याहून आणून ठेवलं होतं. अख्खी कॅसेट एकदम मावायची नाही, म्हणून एकेक तुकडा आत घ्यायचा, कापायचा, परत दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचा आणि आतला पुसून टाकायचा. पहिला प्रयत्न त्यांनी सोप्या वाटेने केला: पट्ट्या काढल्या आणि चित्र वरखाली ताणलं. टीव्ही भरला, पण माणसं काठीसारखी उंच आणि रोड झाली. आबांना नमुना दाखवला. स्वतःला पाहून ते क्षणभर घाबरले. ‘‘मी आजारी हाय का? लोक म्हनतील, ह्याचा ऊस जळाला!’’ पोरगी उंच दिसते, हे मी सुचवून पाहिलं. त्यांना पटलं नाही.

‘‘त्यांचं बरोबर हाय,’’ नाना मागाहून म्हणाले. ‘‘मानूस मानसाच्या मापात राह्यला पायजे.’’

मग त्यांनी स्वतःच एक प्रोग्राम लिहायला घेतला. माणसाने पट्टी कुठे संपते ते बघून आकडे घालायचे आणि कापायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. कारण मी ते बटण मधूनच बंद करत होतो, मधूनच चालू. कुठे पट्टी होती, कुठे नव्हती. शिवाय कॅसेटवरचा काळा रंग काही खरा काळा नसतो, त्यात मुंग्या चालत असतात. ‘‘मशीनलाच कळलं पायजे,’’ ते म्हणाले. ‘‘उसाचं वाढं बघ. हिरवा शेंडा कुठं संपतो आन गोड ऊस कुठं लागतो, ते तोडनारा काय पट्टी लावून बघतो का? कोयता घालतो. हितं बी तसंच. वरच्या ओळीपासून खाली यायचं. ओळीत उजेड हाय का? न्हाई. पुढची. हाय? थांब. हितून लगीन सुरू.’’

पहिल्यांदा चाललं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. काळ्या पडद्यावर त्यांनी एक ओळ टाइप केली, कळ दाबली आणि पट्ट्या आपोआप गेल्या. वरातीच्या तुकड्यात मात्र गंमत झाली. वर आकाश काळंभोर. प्रोग्रामला वाटलं, तीही पट्टीच. त्याने आकाश कापलं, पुढे बँडवाल्यांच्या काळ्या टोप्या कापल्या आणि नवरदेवाच्या घोड्याचे नुसते कान टीव्हीभर केले. मी खो खो हसलो. नाना हसले नाहीत. गच्चीत येरझाऱ्या घातल्या आणि आत येऊन म्हणाले, ‘‘चूक सापडली. मी एका चित्रावरून निकाल देत हुतो. एका उसावरून फड तोडायचा नसतो. अख्खा तुकडा बघायचा. पहिल्यापासून शेवटापर्यंत जी कड काळीच हाय, ती पट्टी. आन मधी एकदा जरी तिथं उजेड आला, एकदा, फटाका उडाल्यावानी, तर ती कड जिवंत. तिला हात लावायचा न्हाई.’’

त्याप्रमाणे बदल केला आणि आकाश परत आलं. त्यांनी मला मोठ्याने तोच नियम पुन्हा ऐकवला आणि मी तो ऐकून घेतला, कारण तोपर्यंत मीही त्यांच्या प्रेमात पडलो होतो. असा ताठ, खडूस, स्वतःवर खूश असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं खूश असणं मला आवडायचं.

त्यानंतर एका दुपारी माई एकट्याच स्टुडिओत आल्या. बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. जरा वेळ भिंतीवरचे फोटो पाहिले. मग म्हणाल्या, ‘‘त्यात माझा भाऊ दिसतो का?’’

मला काही कळलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. त्यांचं माहेर नेवाशाकडचं. वडील गेल्यावर जमिनीवर सही द्यायची वेळ आली. बहिणी भावाला हक्क सोडून देतात, तसं त्याही देणार होत्या. पण आबा म्हणाले, सही नाही, हिस्सा. तेव्हापासून भावाने त्यांचं नाव टाकलं होतं. ना दिवाळीला चोळी, ना राखीला बोलावणं. पोरीच्या लग्नाचं आमंत्रण गेलं, उत्तर आलं नाही. पण मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि माईंना कुणीकुणी येऊन सांगितलं होतं की तो आला होता. ऐन वेळी आला, भाचीच्या मागे उभा राहिला, आणि पंगतीला न बसता निघून गेला.

‘‘तुम्ही पाहिलं नाही?’’ मी विचारलं.

‘‘मी कशी बघनार? नवरीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं. मी परसात तुळशीला पानी घालत हुते, पाठ करून.’’ त्यांनी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले. ‘‘आन हे म्हनत्यात, न्हवताच तो. भलताच कुनी तरी उभा केला हुता म्हनत्यात. हे स्वतः पुढाऱ्यांना हार घालत हुते, ह्यांनी तरी कुठं बघितलं? पोरीची मान खाली, मागं कोन हाय ते तिला तरी कुठं दिसलं? मी म्हनते, आला आसंल तर माझ्यासाठी आला. मंग मी त्याला सही देऊन टाकीन. ह्यांनी काय बी म्हनू दे.’’

मी मूळ कॅसेट काढली. त्यांनी माझा हात धरला. ‘‘आत्ता नको. एकटीनं बघितलं तर माझ्याशिवाय कोन खरं मानंल? घरी, त्यांच्यासमूर.’’

त्या गेल्यावर मी कॅसेट लावली. अंतरपाट मधोमध, एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला नवरदेव. नवरीच्या मागे, अगदी चित्राच्या कडेला, पांढरा फेटा बांधलेला एक माणूस होता.  पट्ट्या कापून चित्र टीव्हीभर मोठं केलं की दोन्ही बाजू थोड्याथोड्या बाहेर जात होत्या. इतर ठिकाणी बाहेर जात होते ते मांडवाचे खांब. इथे गेला असता तो माईंचा भाऊ.

मी धावत वर गेलो. म्हटलं, चौकट डावीकडे सरकवा. नानांनी तुकडा लावला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘उजवीकडं बघ.’’ उजवीकडे नवरदेवाचा मामा उभा होता, मिशा पिळून. त्याला कापलं असतं तर व्याही कोर्टात गेले असते.

‘‘मग काय करायचं?’’

‘‘करायचं काय? दोन्ही कडेला मानूस हाय. मानूस असल्याली कड मी कापत न्हाई.’’

‘‘पण आबांना टीव्ही भरून पाहिजे!’’

‘‘आबांना काय पायजे ते आबांनी सांगितलं. चित्रात काय हाय ते चित्र सांगतंय.’’ एवढं बोलून त्यांनी हुकूम टाइप करायला घेतला. मला आणखी वाद घालायचा होता. काकू दारातून म्हणाल्या, ‘‘जाऊ दे बाबा. त्यांचं काय ठरलं की देव बी बॅड कमांड.’’

ठरल्या संध्याकाळी आबांच्या पडवीत टीव्ही मांडला होता. भावकी सतरंजीवर दाटीने बसली होती, पोरगी नव्या हिरव्या बांगड्यांत आईशेजारी. माई भिंतीला टेकून होत्या आणि पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. नाना पुढे, खुर्चीत, टोपी घालून. कॅसेट लागली. टीव्ही काठोकाठ भरलेला. मांडव आला, हळद आली, आबा आले, ते आता आपल्या मापाचे दिसत होते. लोक म्हणाले, झकास. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला घाम फुटला होता.

अंतरपाट धरला गेला आणि वरखाली काळ्या पट्ट्या आल्या.

‘‘आरं!’’ आबा ओरडले. ‘‘परत आल्या का? ऐन मुहूर्ताला काळं?’’ सगळे माझ्याकडे वळले. आबा टीव्ही बंद करायला उठले.

त्यांच्या आधी नाना उठले. मला वाटलं, आता आधी काम, मग अटी, असं काहीतरी सुनावतील. तेही त्यासाठीच उठले असावेत, कारण तोंड उघडलं होतं.  पण ते तसेच टीव्हीपाशी गेले, उजवा हात वर केला आणि काचेच्या अगदी डाव्या कडेवर बोट ठेवलं.

बोटाखाली पांढरा फेटा होता. मंगलाष्टकं चालली होती. प्रत्येक ‘सावधान’ला सगळे अक्षता टाकत होते. त्या माणसाने मात्र मूठ उघडली नव्हती. शेवटची अक्षता पडली, वाजंत्री उसळली, माणसं पुढे घुसली, तेव्हा त्याने ती मूठ हळूच भाचीच्या डोक्यावर रिकामी केली. फेट्याच्या सोग्याने डोळे पुसले. आणि मान वळवून मागे, घराच्या परसाकडे पाहिलं. तिथे तुळस होती.

 माई रडत नव्हत्या. त्यांनी आबांकडे पाहिलं, आणि आबा होते तिथेच खाली बसले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण बोलला ते आम्हाला जेमतेम ऐकू आलं.

‘‘मागं घे. परत दाव.’’

मी मागे घेतलं. परत दाखवलं. नाना अजून टीव्हीपाशीच उभे होते, बोट तसंच. शेवटी पोरीनेच म्हटलं, ‘‘नाना, बसा आता. मामा दिसला.’’

पुढे काय झालं ते मला सगळं माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी आबांचा निरोप आला, कॅसेटची आणखी एक प्रत काढा, नेवाशाला द्यायची आहे. पट्ट्या आहेत तशा ठेवा. ती प्रत घेऊन माई स्वतः गेल्या, कागदांची पिशवी बरोबर घेऊन. परत आल्या त्या जीपमधून आमच्या गल्लीतच उतरल्या. अंगावर नवी चोळी होती. त्यांनी जिना चढून नानांच्या समोर भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं ठेवलं.

‘‘भावानं पाठवल्यात,’’ एवढंच म्हणाल्या, आणि हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

त्या गेल्यावर नाना म्हणाले, ‘‘शेंगा. भाजून. मीठ नको.’’ काकू ‘बॅड कमांड’ न म्हणता उठल्या आणि चुलीवर तवा ठेवला. मी संधी साधली.

‘‘नाना, त्या दिवशी तुम्ही बोट दाखवलंत.’’

मला वाटलं, नाकारतील. त्यांनी गाठोड्यातली एक कच्ची शेंग घेतली, फोडली, दाणा तोंडात टाकला आणि खिळ्यावरच्या माऊसकडे बघत सावकाश चावला.

‘‘दाखवलं,’’ ते म्हणाले. ‘‘ते सांगायला हुकूम न्हवता.’’